अनारशावरची खसखस

अनारसा तळण्याआधी त्याची एक बाजू खसखशीत दाबतात. त्या एका बाजूपायी तो दुबईला जाऊ शकत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे, आणि तीही अमली पदार्थ म्हणून. जकात भरून किंवा परवाना काढून सुटण्यासारखी ही बाब नाही. सिंगापूर आणि सौदी अरेबियातही तोच प्रकार. ज्या बोंडाला चिरा पाडून अफूचा चीक काढतात त्याच बोंडात खसखस पिकते. दाण्यात नशा नसते, पण चिकाचे अंश वरून चिकटलेले राहू शकतात आणि प्रयोगशाळेत ते मॉर्फिन म्हणून दिसतात. आपल्याकडे मंदसौर, नीमच, चित्तोडगड या भागांत सरकारी परवान्याने अफू लावतात. चीक सरकारजमा होतो आणि खसखस किराणा दुकानांत येते. नालासोपाऱ्याच्या वाण्याकडे ती वेलदोड्याच्या शेजारच्या बरणीत असते. महाग म्हणून तो ती तोलून मापून देतो, एवढाच काय तो तिचा बंदोबस्त.

नालासोपाऱ्यात आखातात माणूस असलेली घरं पुष्कळ आहेत. दिवाळी जवळ आली की तुळींज, आचोळे, समेळपाडा, निळेमोरे, सगळीकडून डबे निघतात. त्यातले शंकरपाळे सुखरूप पोचतात, चकल्या मोडक्या का होईना पण पोचतात. अनारसे अडतात, आणि सारणात खसखस घातलेल्या करंज्याही. पाठवणारी म्हणते, फराळच तर आहे. पण कस्टम्स खात्याला फराळ नावाचा पदार्थ माहीत नाही. त्याला तांदूळ, गूळ, तूप आणि खसखस माहीत आहे. परदेशी पार्सल भरताना पहिली सवय लावून घ्यावी ती हीच: पदार्थाचं नाव विसरायचं आणि त्याचं साहित्य आठवायचं.

ही सवय नसली की पोस्टाच्या खिडकीवर अडचण होते.

"आत काय आहे, ताई?"

"घरचंच आहे सगळं. खाऊ."

"खाऊ लिहून नाही चालत. एकेक वस्तू सांगा. वजन, नग, किंमत."

कारकुनाचा हा हट्ट त्याच्या पदरचा नसतो. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी करार होऊन पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत त्यात १८७६ साली आला. या संघाने ठरवून दिलेले दोन फॉर्म जगभर चालतात. लहान पाकिटावर, आतल्या मालाची किंमत ३०० एसडीआरपर्यंत असेल तर, सीएन २२ हे छोटं लेबल लागतं. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं परिमाण. ३०० एसडीआर म्हणजे साधारण पस्तीस हजार रुपये. किंमत त्यापुढे गेली, किंवा पाकिटाऐवजी पार्सल असलं, की सीएन २३ हा मोठा फॉर्म. पाकिटाची मर्यादा दोन किलोची, त्यामुळे फराळाचा डबा बहुधा मोठ्या फॉर्मातच जातो. खाली सही करायची असते, आणि त्या सहीच्या वरचा मजकूर सहसा कोणी वाचत नाही. आत कोणतीही धोकादायक वा कायद्याने मनाई असलेली वस्तू नाही, असं आपण त्यात लिहून देत असतो.

अलीकडे या फॉर्मला घाई आली आहे. पूर्वी तो डब्याला चिकटून डब्याबरोबर जायचा. अमेरिकेत फेंटानिल नावाचं मादक रसायन टपालाच्या पाकिटांतून येऊ लागलं, तेव्हा तिथल्या संसदेने २०१८ साली कायदा करून पार्सलची माहिती पार्सलच्या आधी मागितली. २०२१ च्या सुरुवातीपासून जागतिक टपाल संघानेही वस्तू असलेल्या सगळ्या टपालासाठी ही आगाऊ माहिती सक्तीची केली. म्हणून खिडकीवरचा माणूस तुमची चकली संगणकात टाइप करत बसतो. डबा मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाकघरात पोचतो, तिथे कस्टम्सचे अधिकारी तो एक्स-रेखाली बघतात, मग तो विमानात चढतो. त्याची यादी केव्हाच पुढे गेलेली असते. यादीत प्रत्येक वस्तूचा सहा आकडी क्रमांकही मागतात. तो शोधायचा कंटाळा येतो खरा, पण त्यात एक गंमत आहे. जागतिक कस्टम्स संघटनेच्या या वर्गवारीत पापड १९०५९० मध्ये, म्हणजे पाव-बिस्किटांच्या कुळात बसतो. चिवडा २१०६९० मध्ये, जिथे दुसरीकडे कुठेच न बसणारे खाद्यपदार्थ ढकलले आहेत. खसखशीला मात्र स्वतःचा क्रमांक आहे, १२०७९१. तो टाइप केला की पुढच्या देशाच्या संगणकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता तांदळाकडे वळू, कारण तांदळानेही पुष्कळ पाकिटं अडवली आहेत, आणि तीही चमचाभर तांदळाने. राखीच्या पाकिटात बहिणी कुंकवाची पुडी घालतात, तिच्यात चार अक्षता असतात. ऑस्ट्रेलियात त्या पाकिटाची तपासणी झाली तर अक्षता काढल्या जातात, आणि कधी पाकीटच नष्ट होतं. चार दाण्यांनी एवढ्या मोठ्या देशाचं काय बिघडणार, असं आपल्याला वाटतं. त्या देशाला चार दाण्यांत बसलेल्या एका भुंगेऱ्याची काळजी असते.

खापरा हे त्याचं नाव. गोदामातल्या धान्याची ही कीड मूळची भारतीय उपखंडातली मानली जाते, आणि इंग्रजीतही तिला आपलंच नाव आहे. भुंगेरा उडत नाही. तो स्वतःहून समुद्र ओलांडणं शक्यच नाही. त्याला कोणीतरी न्यावं लागतं. त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत, पुठ्ठ्याच्या घडीत, खोक्याच्या फटीत शिरते आणि खायला काही नसलं तर निपचित पडून राहते, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे. औषधाच्या धुरालाही ती सहज बधत नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियात ती सापडली आणि तिचा नायनाट करायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. तो अनुभव अमेरिका विसरलेली नाही. जुलै २०११ पासून खापरा असलेल्या देशांतून घरगुती वापराचा तांदूळ टपालाने किंवा सामानातून आणायला तिथे बंदी आहे. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणखी पुढे जाऊन टपालातल्या तांदळाबरोबर हरभरे, मूग, मसूर, धने, जिरे यांनाही दार लावलं. कारखान्यात भाजून किंवा उकडून बंद पाकिटात आलेला माल चालतो. आईने निवडून, उन्हात वाळवून, पिशवीला गाठ मारून दिलेले धने चालत नाहीत. स्वच्छतेत ते कणभरही कमी नसतील, पण तसं लिहून देणारा कारखाना त्यांच्यामागे नसतो.

नेमकी याच्या उलट गोष्ट अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. २००२ च्या जैविक दहशतवादविरोधी कायद्यापासून तिथे येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्यातून एक सूट आहे: एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला पदार्थ तिनेच भेट म्हणून पाठवला, तर पूर्वसूचना नको. म्हणजे स्टेशनसमोरच्या दुकानातला लाडू सरकारला कळवावा आणि आजीच्या हातचा तसाच जाऊ द्यावा, असा हा कायदा. मला तो फार आवडतो. आजीच्या लाडवालाही खापऱ्याचा आणि जकातीचा नियम लागू राहतोच, तरी कुठल्यातरी राजपत्रात आजीची दखल घेतली गेली आहे.

दुधाचं गणित निराळं आहे. पेढा अडतो तो लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या रोगामुळे. आपल्याकडे गोठ्यागोठ्यात परिचयाचा हा रोग ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर आणि अमेरिकेत १९२९ नंतर दिसलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली तो आला तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. मांस आणि दूध या दोन्हींतून विषाणू जाऊ शकतो, म्हणून युरोपीय संघाने खासगी पार्सलांतून दोन्ही बंद केली. मासे मात्र, घरी खाण्यापुरते, वीस किलोपर्यंत चालतात. परिणाम असा की अर्नाळ्याच्या वाळूत वाळवलेले सुके बोंबील नियमाने जर्मनीला जाऊ शकतात आणि देवापुढचा पेढा जाऊ शकत नाही. बोंबील पाठवणाऱ्याने डबा कसून बंद करावा हे सांगायला कायद्याची गरज नाही. शेणाच्या गोवऱ्यांवरही याच रोगापायी बंदी आहे. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारस बॅगेत दोन गोवऱ्या मिळाल्या आणि अमेरिकन कस्टम्सने त्या नष्ट केल्याचं रीतसर पत्रक काढलं.

गणपतीच्या दिवसांत परदेशी मुलासाठी पूजेचं सामान एकत्र करून पाठवणाऱ्यांनी तर एकदा ताटाकडे नीट बघावं. कापूर: विमानवाहतुकीच्या नियमांत ज्वालाग्राही घन पदार्थ, यूएन २७१७. काडेपेटी: प्रश्नच नाही. अत्तराची कुपी: अल्कोहोल असेल तर ज्वालाग्राही द्रव. सुक्या खोबऱ्याची वाटी: हिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, पण सुकं खोबरं, इंग्रजीत कोप्रा, हा यूएन १३६३ क्रमांकाचा, आपोआप पेट घेऊ शकणारा पदार्थ आहे. खोबऱ्यातलं तेल हवेशी संयोग पावताना गरम होतं. ढिगात ती ऊब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पोतं धुमसू लागतं. भारतातल्या विमानतळांवरही सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ते याचमुळे. तांदळाचं वर सांगितलंच. सुपारीचं त्या त्या देशावर, आणि विड्याचं पान अमिरातीत बंद. मोरपीस तर आपल्याच देशातून बाहेर पाठवायला मनाई आहे. ताटात उरतं जानवं, हळद-कुंकू आणि कापसाची वस्त्रं. बाकीचं मुलाने तिथल्याच भारतीय दुकानातून घ्यावं. दर थोडा जास्त पडेल, पण कापूर बोटीने रीतसर आलेला असेल.

मोरपिसावरून आठवलं. अडवणारा नेहमी पलीकडचाच देश असतो असं आपण धरून चालतो. आपलाही कायदा कडक आहे. १९७२ साली दोन कायदे आले, वन्यजीव संरक्षणाचा आणि पुरावस्तूंचा. दुसऱ्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजीची पितळी समई टोरँटोच्या नातीला द्यायची असेल आणि ती जुनी दिसत असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा दाखला मागितला जाऊ शकतो. घरच्या पोथ्यांनाही हेच लागू. नालासोपाऱ्यात या नियमाला जरा जास्तच अर्थ आहे, कारण इथल्या मातीत जुनं काय निघेल ते सांगता येत नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपारा गावाजवळचं बुरुडराजाचा कोट नावाचं टेकाड खणलं, तेव्हा आत स्तूप निघाला. स्तूपातल्या दगडी पेटीत तांब्याचा करंडक होता, बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं होतं. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. जवळच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला होता.

हे गाव मुळात बंदराचं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी-पुस्तिकेत सोपाऱ्याचं नाव आहे, आणि त्याच्या लगोलग कल्याणबद्दल एक तक्रार आहे: आधीच्या राजाच्या वेळी कल्याण हा कायदेशीर बाजार होता, आता सत्ता बदलली आहे, आणि चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात. कोकण किनाऱ्यावर परदेशी माल अडवल्याची याहून जुनी लेखी नोंद माझ्या वाचनात नाही. पुढे शके १०१६ मध्ये, म्हणजे इ.स. १०९४-९५ च्या सुमारास, शिलाहार राजा अनंतदेवाने एक ताम्रपट दिला. तो खारेपाटणला सापडला. त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम यांच्या जहाजांना ठाणे, शूर्पारक, चेमूली म्हणजे चौल, वगैरे बंदरांत जकात माफ केली आहे. शूर्पारक हे सोपाऱ्याचं संस्कृत नाव. भाभण श्रेष्ठी हा राजाचा मंत्रीही होता. सूट कोणाला द्यायची आणि का, हे ज्याच्या हाती शिक्का आहे तो ठरवतो. नऊशे वर्षांत शिक्का तांब्याच्या पत्र्यावरून संगणकात गेला.

जकातीचे आजचे आकडे भराभर बदलतात, म्हणून थोडक्यात सांगतो. बहुतेक देश खासगी भेटीला एका रकमेपर्यंत करमाफी देतात: युरोपीय संघात ४५ युरो, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, अमेरिकेत १०० डॉलर. अमेरिकेत यापेक्षा मोठी एक सूट होती. ८०० डॉलरपर्यंतचं कुठलंही पार्सल करमुक्त. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सगळ्या जगासाठी संपली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा याचीच व्यवस्था तयार नव्हती, त्यामुळे भारतीय टपाल खात्याला अमेरिकेचं टपाल ऑगस्टअखेर थांबवावं लागलं, आणि ते ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं. त्या वर्षी दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती. किती फराळ उशिरा पोचला असेल याचा अंदाज करता येतो.

उलट दिशेचा आपला नियमही पाहण्यासारखा आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना पूर्वी करमाफी होती. ऑनलाइन दुकानांनी ग्राहकांच्या ऑर्डरी "भेट" म्हणून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने भेट म्हणून येणारी टपाल-कुरिअरची आयात बंद केली. भेट हवी असेल तर पूर्ण जकात भरून घ्या. अपवाद दोनच. जीवरक्षक औषधं आणि राखी. पुढे कंसात खुलासा आहे: राखीबरोबरची भेट नव्हे. दिल्लीत बसून हे वाक्य लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला नक्की बहीण असणार.

औषधांबाबत मात्र थट्टा करायला जागा नाही. डोकेदुखीची, खोकल्याची, झोपेची गोळी "आपली नेहमीचीच" म्हणून फराळाच्या डब्यात सारली जाते. कोडीन आणि ट्रामाडोल ही आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं आखाती देशांत नियंत्रित यादीत आहेत. आधी परवानगी घेतलेली नसेल तर डबा पाठवणारा नालासोपाऱ्यात राहतो आणि उत्तरं डबा घेणाऱ्याला द्यावी लागतात. फॉर्मवर पाठवणाऱ्याची सही असते, पण पत्ता घेणाऱ्याचा असतो. शेजाऱ्याने "एवढी पुडी घाला हो तुमच्यात" म्हणून दिलेलं काहीही न उघडता डब्यात घालू नये, हे यात आलंच. त्यात एखादा पॉवर बँक निघाला तरी पार्सल मुंबईतच थांबेल. सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या टपालाला चालत नाही.

किंमत लिहिताना बरेच जण शून्य किंवा शंभर रुपये टाकतात. तीस रुपयांची पिन घातलेली पैठणी शंभराची कशी, हे विचारायला अधिकाऱ्याला साडीतलं काही कळावं लागत नाही. आणि पार्सल हरवलंच, तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. खरी किंमत लिहावी, भेट या चौकटीत खूण करावी, वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यांवर नावं घालावीत. तपासणाऱ्याला अनारसे काढून बाकीचा फराळ पुढे सोडायचा असेल, तर अनारसे वेगळे तर सापडले पाहिजेत.

पार्सलच्या फॉर्मवर आणखी एक चौकट असते, माल पोचवता आला नाही तर काय करायचं याची. एक पर्याय परत पाठवा, दुसरा सोडून दिला समजा. फराळ असेल तर दुसऱ्यावर खूण करावी. परतीचा खर्च पाठवणाऱ्याच्याच माथी येतो, आणि तोवर चिवडा सादळलेला असतो. समई, साडी, फोटोंचा अल्बम असेल तर पहिल्यावर. दोन्ही एकाच खोक्यात भरलेले असतील तर चौकट एकच मिळते, म्हणून खोकी दोन करावीत.